किती मेले?

सभा संपली की सर चष्मा कपाळावर सरकवायचे आणि शेजारच्याला विचारायचे, "किती मेले?"

शेजारचा दचकायचाच. आमच्या वस्तीच्या, जेसल पार्कच्या कोपऱ्यावर गटाराच्या झाकणाचं उद्घाटन, बास. पण भाषणात रणशिंग फुंकून झालेलं, बालेकिल्ला जिंकलेला, विरोधक नेस्तनाबूत. तुम्हीपण ऐकलंयत असलं. सर शांतपणे म्हणायचे, "एवढं युद्ध झालं, एखादा तरी गेला असेल ना?"

सर आमच्याच बिल्डिंगमधले. घरी व्याकरण शिकवायचे. आपल्या पुस्तकात राम रावणाला मारायचा, सरांच्या वहीत जेवायला बोलवायचा. "इतकी वर्षं मारतोय, दमला असेल. कर्ता राम, कर्म रावण. बिघडलं काय?"

मी रायगडातल्या गावात शिकलेलो. अभ्यास यथातथा, पण कुठल्याही पुढाऱ्याचा आवाज मागा, हुबेहूब काढून देणार! म्हणून पाण्याचं भांडण पेटलं तेव्हा बी विंगने मलाच पुढे केलं.

टाकी एकच. ए विंगवाले आधी आपला वॉल्व्ह खोलायचे. आमच्या चौथ्या मजल्यावर नळ नुसता खोकायचा. लिफ्ट नाही. आई गुडघे धरत खालून बादल्या आणायची.

सोसायटीची मीटिंग. मी माईक घेतला, पुढारी आवाज लावला. "बी विंगच्या वीरांनो! आता आरपारची लढाई!" काय टाळ्या, काय शिट्ट्या! मला चेवच आला. "घुसा ए विंगमध्ये!"

आणि आमचे जिमवाले खरंच उठले की! समोरून ए विंगवाले, "आजा, आजा!" खुर्च्या वर. माझी फाटली.

पहिल्या रांगेत सर उभे राहिले. चष्मा कपाळावर.

"थांबा रे. किती मेले?"

सगळे सरांकडे वळले. मग ए विंगची गुजराती बेन फिस्सकन हसली, आणि खुर्च्या खाली आल्या.

"आता तुझ्या आवाजात बोल," सर मला म्हणाले. "काय पाहिजे तेवढं सांग."

माझ्या आवाजात? आयला, तोच जमत नव्हता! "आई बादल्या वाहतेय," मी म्हटलं. "आमचा वॉल्व्ह अर्धा तास आधी खोला. बस."

बेन म्हणाली, "अरे, ये पहले बोलने का ना!"

दुसऱ्या सकाळी नळ असा धो धो सुटला की मी आणि आईने स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या!

यंदा सर गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये. एक पुढारी आले आणि सुटलेच. "सर लढवय्ये होते! मृत्यूशी त्यांची झुंज अपयशी ठरली, पण हा सेनापती..." पंधरा मिनिटं.

ते बसले. हॉलमधल्या सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. सवयच ती. तिथे सरांच्या मिसेस, आमच्या काकू, एकट्याच.

मला चष्मा नाही. तरी हात कपाळाकडे गेला आणि सरांचा आवाज आपोआप लागला.

"किती मेले?"

काकू वळल्या. आधी हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला.

"एकच रे," म्हणाल्या.