बुरुजासमोरून बाजूला व्हा

आमच्या मजल्यावरचे काका दर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून घोडबंदरच्या किल्ल्यावर जातात. समोर कुणी आलं की खेकसतात, "भाईसाब, हटो ना, बुरुज दिखता नहीं!"

परवा मीही सोबत होतो. प्री-वेडिंगला आलेल्या एका जोडप्यानं भाबडेपणानं आपला मोबाइल काकांच्याच हातात दिला. फोटोत बुरुज अख्खा आला आणि नवरी अर्धी. नवरा चिडला, तर काका म्हणाले, "किल्ला आधीपासून उभाय. तुम्ही आत्ता आलात."

काकांच्या हॉलमध्ये एकच फोटो फ्रेम करून लावलाय. काकूंनी मला तो कौतुकानं दाखवला. "लग्न झाल्या झाल्या वसईच्या किल्ल्यात गेलो होतो, तेव्हाचा. हे कडेला दिसतंय ना, ते माझं कोपर."

आतून काका ओरडले, "तरी सांगत होतो, अजून थोडी सरक म्हणून!"