माडीवरची भुई

कासारवाडीजवळच्या चौकीत मी नवा फौजदार होतो तेव्हाचे एक प्रकरण अजून मनातून जात नाही. पन्नासच्या दशकातली गोष्ट. कारखान्यात लागलेल्या लोकांनी सोसायटी काढून एक दुमजली इमारत बांधली होती. तिथे खाली राहणारे एक कारकून धापा टाकत आले. बाजारातून परतले तर छताला परातीएवढे भोक आणि पलंगावर मुरमाचा ढीग.

"साहेब, वरची खोली बंद असते. कुणीतरी छतातून घरात उतरणार होता," ते म्हणाले.

पंचनामा चालू असतानाच कोपऱ्यावरच्या चहावाल्याने खबर दिली. वरच्या खोलीचा म्हातारा मालक दुपारी पहार घेऊन जिना चढला होता. हा इथलाच शेतकरी. गावातले घर भावाच्या वाट्याला गेलेले. इमारतीला स्वतःची जमीन देऊन त्याने बदल्यात ही खोली घेतली होती, पण अजून राहायला आला नव्हता.

त्याला चौकीत आणले. हवालदाराचा आवाज चढू लागला, तसा मी उठलो आणि वरची खोली पाहून आलो. फळ्यांवर मुरूम चोपून केलेल्या भुईवर, भोकाशेजारी हळदकुंकू होते, फुटलेला नारळ होता. चोरही देवाला मानतात, पण जागेवर नारळ फोडून कुणी घरफोडीला लागत नाही.

"बाबा, भुईची पूजा करून काय पुरत होता?"

म्हाताऱ्याचे डोळे भरले. "उखळ. लेकीचं लगीन तोंडावर आलंय. हळद कांडायला उखळ नगं व्हय? आमी पयल्यापासनं भुईतच बसवतो. फळी मोडली, माती खाली गेली, म्या भ्यालो. चौकीत आणल्यालं व्याह्याला कळलं तर लगीन मोडंल, सायेब."

मी कारकुनांकडे पाहिले. पण कारकून हटेनात. "छत माझं आहे."

"भुई माझी हाय," म्हातारा म्हणाला.

मी दोघांना सांगितले, "मधल्या तुळया आणि फळ्या एकट्याच्या कुणाच्याच नाहीत. त्या सगळ्या सोसायटीच्या."

हे दोघांनाही रुचले नाही. फिर्याद कारकुनांच्या हातात होती आणि एका मुलीचे लग्न त्या फिर्यादीवर लटकले होते. तेवढ्यात मागे उभी असलेली कारकुनांची पत्नी म्हणाली, "बाबा, उखळ आमच्या स्वयंपाकघरात पुरा. आमच्याखाली खरी जमीन आहे."

कारकून तिच्याकडे बघतच राहिले. मग फिर्याद नको म्हणाले. हळद त्यांच्याच घरात कांडली गेली.

कायद्याने मला कलमे शिकवली; शेजार कुठल्याच कलमात बसत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. म्हाताऱ्याने मालकीखातर भुई खणली नव्हती. आपल्या भुईखाली कुणी राहत असेल, हे त्याच्या ध्यानातच आले नव्हते.

लग्नानंतर काही महिन्यांनी कारकून पुन्हा चौकीत आले. चेहरा उतरलेला. "साहेब, बाबा वर राहायला आलेत, पण पावलाचासुद्धा आवाज नाही. दारही उघडत नाहीत. जरा बघता का?"

मी गेलो. म्हातारा ठणठणीत होता. अनवाणी, चवड्यांवर चालत दाराशी आला आणि हळूच म्हणाला, "खाली मान्सं हायेत न्हवं."