ज्या कॅसेटमध्ये तात्या नाही

काल सकाळी सकाळी एकाने मला रील पाठवलं आणि डोकंच फिरलं. खाली लिहिलेलं, 'दादा, तुमच्या इंदापूर भागातली ओवी! जुनं असलं तरी काय भारी फ्यूजन आहे.' भारी? या गाण्याला मी इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घालतोय.

इथे मी एरवी आवडती गाणी, कव्हर, संगीतातल्या गमतीजमती टाकत असतो. आज मला माहीत असलेलं सगळ्यात विचित्र कव्हर सांगतो... त्यात मुख्य गायक अस्सल आहे आणि त्याचा सख्खा भाऊ तेवढा बदललेला आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीला कॉलेजात होतो, घर शेळगावला. आबा आणि तात्या हे माझे दोन चुलते धनगरी ओवी म्हणायचे. मेंढरं कधीच विकली होती, तात्या तर ट्रॅक्टर चालवायचा, पण बिरोबाच्या यात्रेत ढोल वाजला की दोघं उभे राहायचे.

ओवीत आबा एक ओळ म्हणणार, तिचं शेपूट तात्या उचलणार आणि मागचे सगळे तेच पुन्हा म्हणणार. याला झील म्हणतात. तेवढ्या वेळात आबाला पुढची ओळ सुचायची. पाठांतर वगैरे काही नसायचं... तात्या मागे आहे म्हणून आबा पुढे जायचा, एवढं साधं होतं ते.

एका कॅसेट कंपनीने दोघांना पुण्याला स्टुडिओत नेलं. दिवसभर गायले. तात्याला वेगळा माईक दिला होता, त्याचं त्याला इतकं कौतुक की गावात भेटेल त्याला सांगायचा, "मला सोतंत्र माईक व्हता. आता कॅशेट निघतीया आमची."

कॅसेट आली तेव्हा बारामतीच्या दुकानातून मीच ती आणली. पारावर टेप ठेवला, अर्धं गाव जमलं. तात्या नवा फेटा बांधून सगळ्यात पुढे बसला.

आबाची पहिली ओळ आली... आणि पाठोपाठ कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि गोड गळ्याच्या तीन-चार बायका! तात्याचा आवाज काढूनच टाकला होता. वेगळा माईक त्यासाठी सोयीचा पडला असणार.

बरं, त्या बायका झील तरी द्यायच्या? आबा काहीही म्हणो, त्यांची आपली एकच ओळ. आबा सांगतोय की कोकरू हरवलंय, मेंढका माळावर रडत बसलाय... आणि या आनंदाने 'देव आमचा आला गं, आला गं'. अरे, पुढचा माणूस काय सांगतोय ते ऐका तरी!

गाणं संपलं. तात्याने विचारलं, "माजा आवाज कुठं हाय रं?" मागून कोणीतरी म्हणालं, "दुसऱ्या बाजूला आसंल."

मी कॅसेट उलटली. ती बाजूही आम्ही सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकली. मग तात्या उठला आणि कोणाकडे न बघता घरी गेला.

दुसऱ्याच दिवशी मी कंपनीला फोन लावला. तिकडचे साहेब हसत म्हणाले, "अहो, ते मागचे लोक तेच तेच परत म्हणत होते. पब्लिक कंटाळतं." मी रिसीव्हर आपटला. आजही ते हसणं आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

पण त्यांचं काय गेलं? भोगलं आमच्या घराने. तात्याच्या मनाने घेतलं की आबाला हे आधीपासून माहीत होतं, स्वतःचा आवाज राहतोय म्हणून तो गप्प बसला. आबा शपथा घेऊन दमला. शेजारी शेजारी घरं, पण बोलणं बंद.

मग यात्रा आली. दुपारी ढोल सुरू झाले. आबाने पहिली ओळ म्हटली आणि सवयीने थांबला. तात्या हाताची घडी घालून गर्दीत उभा. तो उचलत नाही म्हटल्यावर मागचेही गप्प... ढोल नुसतेच वाजत राहिले.

आबा तसाच गर्दीत शिरला. तात्याला दंडाला धरून आणलं, आपल्या जागेवर उभं केलं आणि स्वतः मागच्या रांगेत जाऊन कानावर हात ठेवला. "म्हण."

तात्या भडकला. "म्या काय म्हणू? लई मोठा झालास व्हय रं तू!"

आबाने तेच सुरात उचललं, "मोठा झालास व्हय रं तू..." मागच्यांनीही ओढलं.

"भावाला इकून आलास!"

"इकून आलास..."

"लाज न्हाय वाटली तुला!"

"न्हाय वाटली तुला..."

कोणी हसलं नाही. तात्या बोलत गेला, महिनोन्महिने साठलेलं सगळं, आणि आबा त्यातली एकही शिवी न गाळता परत म्हणत गेला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तात्याचं ओरडणं मध्येच कधी सुरात आलं ते बहुतेक त्यालाही कळलं नाही.

शेवटी तात्या थांबला. घाम पुसत म्हणाला, "सरलं माजं. जा आता म्होरं, म्हण तुजं." आणि मागे येऊन आपल्या जागेवर उभा राहिला. त्यानंतर दोघं दिवस मावळेपर्यंत गात होते. त्या दोघांचा पुतण्या म्हणून ते कानांनी ऐकायला मिळालं, हे माझं नशीब.

पण राग जात नाही. आज दोघंही नाहीत. आबाची आठवण आली की कॅसेट लावतो, आबा भेटतो... एक ओळ म्हणून तो थांबतो, आणि तिथे तात्या येत नाही.