फोरमनचा शिक्का

एका विद्यार्थिनीला माझ्या ओपीडीत बसून काम बघायचंय. तिच्या अर्जावर शिक्का मारायला पॅड उघडलं आणि शाईच्या वासानं बाबा आठवले.

बारावीनंतर असाच अर्ज मी आमच्या हिंदीभाषक शहरातल्या कांचघर भागातल्या एका डॉक्टरांना लिहिला होता. बाबा तिथल्याच खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. म्हणाले, "सायबाले असा थेट अर्ज देत नसतात." आणि रजेच्या अर्जावर घ्यायचे तसा आपल्या फोरमनचा शिक्का त्यावर मारून आणला.

"ये मुहर किसकी है, बेटा?" डॉक्टरांनी विचारलं.

मला लाज वाटली. "पता नहीं, सर."

शिक्क्यावरचं 'फोरमन' वाचून ते हसले. "चलो, कल से आ जाओ."

बाहेर बाबा स्कूटरपाशी उभे होते. "पाह्यलं? शिक्काच कामी आला!"

त्यांचं मन राखायला मी हो म्हणाले. आज वाटतं, त्या दिवशी मी खरं बोलले ते तेवढं 'हो'च.