गुरुजी पहाऱ्याच्या आत गेले

त्या उन्हाळ्यात आमच्या सेक्शनचं पोस्टिंग बेज्जूरच्या जंगलात, प्राणहितेकाठच्या एका गावावर झालं. दुसरं महायुद्ध चालू होतं. मी निजामाच्या फौजेत शिपाई होतो. आघाडीवर पाठवतील असं वाटत होतं. ऑर्डर आली ती पटकीच्या गावाला वेढा घालायची. डॉक्टर सांगतील तोवर कुणी आत जायचं नाही, कुणी बाहेर यायचं नाही.

त्या गावच्या सरकारी मदरशात माझे नारायण गुरुजी होते. त्याआधी ते आमच्या गावी होते, तेव्हा मी त्यांच्याकडे शिकलो. शाळेत सगळं उर्दूत. संध्याकाळी मात्र गुरुजी स्वतःच्या ओट्यावर आम्हाला मराठी लिहायला शिकवत. वरून तसा हुक्म नव्हता आणि ते विचारायलाही गेले नाहीत. काकू आत भाकरी थापत, आणि गुरुजी एका हातानं पाळणा ओढत शुद्धलेखन सांगत. बापई माणूस पाळणा हलवतो म्हणून लोक हसत. ते म्हणत, "माझंच लेकरू हाये. दुसऱ्याचं थोडंच हालवून राह्यलो?"

गावाच्या अलीकडे नाला होता. तिथे आमचे तंबू लागले. हवालदार उस्मान खान कमांडर. सेंट्रीला माझ्या जोडीला रामय्या असे. तेलंगी पोरगा, माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. ड्युटी संपली की बूट घासत बसायचा.

वेढा पडून थोडेच दिवस झाले होते. भर दुपारी गुरुजी आले. परीक्षेच्या कामाला ते आसिफाबादला गेले होते. काकू आणि तीन मुलं गावातच होती.

"हॉल्ट," मी म्हणालो. रामय्यानं रायफल आडवी धरली.

गुरुजींनी मला ओळखलं. "सखाराम, माझी माणसं आत हायेत."

"ऑर्डर नाही, गुरुजी."

हवालदार पुढे आला. "मास्टरसाब, आप बाहर हैं, बच गए. आसिफाबाद लौट जाओ."

"घर तो अंदर है."

"अंदर गए तो हुक्म उठने तक बाहर नई आना. आपको भी नई छोड़ूंगा."

"समझा."

आमच्याबरोबर आलेल्या डॉक्टरांना आत काम करणारा माणूस हवाच होता. त्यांनी होकारार्थी मान हलवली. हवालदार म्हणाला, "जाने दो." गुरुजींनी चपला हातात घेतल्या, नाला ओलांडला आणि गेले. मागे पाहिलं नाही.

शाळेचा दवाखाना त्यांनी केला. पाणी उकळायचं, मीठ घालून पाजायचं, अंथरुणं जाळायची, गेलेल्यांना पोचवायचं. रोज सकाळी नाल्याशी येऊन ते मीठ-चुना घेत आणि रात्री किती गेले ते अलीकडे उभ्या डॉक्टरांना सांगत. एके सकाळी म्हणाले, "आज दोघं."

पुडा घेतला, वळले, मग थांबले.

"दोन्ही माझे."

मधू आणि बापू. मी ड्युटीवर होतो. ते मीठ घेऊन परत गेले, कारण आत अजून लोक होते.

पुढे रामय्यालाच पटकी झाली. हवालदार त्याला बैलगाडीनं आसिफाबादला पाठवायला निघाला. पलीकडून गुरुजी म्हणाले, "गाडीतच मरंल तो. माझ्याकडं द्या."

आम्ही स्ट्रेचर नाल्याच्या मधोमध नेलं. तिथून गुरुजींनी आणि एका गावकऱ्यानं उचललं. दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हातानं नाल्याशी आले.

"गेला. आईला हाका मारून राह्यला होता. मी ओ देत गेलो."

गुरुजींना तेलुगू येत होतं.

त्याला पलीकडेच अग्नी दिला. आम्ही अलीकडे अटेन्शनमध्ये उभे राहिलो. झाडांवर धूर तेवढा दिसला.

पटकी ओसरली, ऑर्डर उठली. काकू वाचल्या, धाकटी शांता वाचली. आम्ही तंबू काढत होतो तेव्हा गुरुजी शाळा सारवत होते.

"इतक्यात काऊन, गुरुजी?"

"घरात बसवत नाही रे," ते म्हणाले. "दोन्ही पोरं तिथंच दिसतात."

पुढे निजामाचं राज्य गेलं. उर्दूच्या जागी तेलुगू आलं. गुरुजी शिकवत राहिले. निवृत्त झाल्यावर आदिलाबादला शांताकडे राहिले. काकूंची नजर गेली, तेव्हापासून त्या जाईपर्यंत कित्येक वर्षं त्यांची वेणीसुद्धा गुरुजीच घालत. मुलांबद्दल त्यांना बोलताना मी ऐकलं नाही. फक्त सर्वपित्री अमावस्येला मधू-बापूच्या पानांशेजारी ते तिसरं पान रामय्याचं वाढत. त्या दिवशी मी दरवर्षी जाई. आम्ही सोबत जेवायचो.

गेल्या हिवाळ्यात गुरुजी गेले. नव्वदी ओलांडली होती. शेवटपर्यंत शुद्धीवर होते.

यंदाही मी गेलो. शांता आता साठीची. काकूंचं पान अविधवा नवमीलाच झालं होतं. या दिवशी तिनं चार पानं मांडली होती. गुरुजींच्या, मग भावांच्या पानाशी तिनं नाव, गोत्र म्हटलं. चौथ्या पानाशी थांबली.

"मामा, रामय्याचं आडनाव काय हो? गाव कोणतं? बाबानं कधी सांगितलं नाही."

मी पुष्कळ आठवून पाहिलं. आमचा हवालदार कधीच गेला होता. सेक्शनमधलं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"मला माहीत नाही, बाई."

तिनं पानावर भात वाढला, त्यावर चिंचेचं चारू, तेलंगी सार, घातलं आणि पानाभोवती पाणी फिरवलं.

"मंग आमच्याच घरचा म्हनते," ती म्हणाली.