उकळलेला मध

पातेल्यावर वाकलो आणि चष्म्यावर असं धुकं चढलं, की आमचं नाशिकचं स्वयंपाकघर क्षणभर सैबेरियात जाऊन आलं. लेक रशियात डॉक्टरकी शिकते. तिथली थंडी अशी, की माणूस बाहेर पडला तरी त्याची सावली घरातच बसून राहते. त्यावर उतारा म्हणून ती रोज स्बितेन पिते. पाण्यात मध, आलं, लवंग, दालचिनी घालून उकळायचं, झालं. कृती तिने मला फोनवर सांगितली, आईला कळू न देण्याच्या अटीवर.

आणि तिची आई दारातच उभी होती.

"अहो, मध गॅसवर? गरम केलेला मध म्हणजे विष!"

"अगं, अख्खा रशिया पितो. विष असतं तर एव्हाना तिथे नुसती अस्वलं उरली असती."

"अस्वलांनाच पाजा मग. मी थेंबभरही घेणार नाही."

वास घरभर पसरला. मला वाटलं, ही लवंग, ही दालचिनी आपल्याकडच्या उन्हात वाढलेली. किती मुलूख ओलांडून ती त्या बर्फात पोचली असेल! तिथे तिची भाषा कुणाला कळली नसेल, पण कढत पाण्यात पडल्यावर वास तिने इथलाच दिला असेल.

मी दोन कप भरले आणि अट मोडली. "आपली पोर रोज हेच पिते."

तिने कप उचलून फुंकरही न घालता मोठा घोट घेतला.

"अगं, विष ना?"

"असू दे," ती म्हणाली. "तिथे ती एकटीच पिते आहे."