धाकटीच्या पॉलिपांची वही

माझी धाकटी जाऊ मत्स्यालयात लागली ती माझ्याच शब्दावर. आधी ती एका कारखान्यात शर्टांना बटणं लावायची. टाक्यांच्या काचा पुसायला तिला घ्या, असं मीच संचालकांना सांगितलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. वर्षभरात बाईसाहेब जेलीफिशच्या खोलीच्या मालकीण होऊन बसल्या.

मी चौदा वर्षं पोवळी सांभाळते. पोवळं म्हणजे हजारो इवले जीव, एकमेकांना चिकटून, एकाच्या तोंडचा घास दुसऱ्याला पुरवत जगणारे. बघणाऱ्यांना मात्र तो दगडच. माझ्या टाकीसमोर लोक फोन काढून मेसेज वाचतात, तिच्या टाकीसमोर आ वासून उभे राहतात. ज्याला ना मेंदू ना काळीज, त्याचं एवढं कौतुक! घरीही तेच. सासूबाई येईल त्याला सांगतात, "आमची धाकटी जेलीफिश वाढवते." मी जणू दगड धुते. माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू?

त्यात मत्स्यालयाच्या दारापाशी मोठी नवी टाकी बांधली. संचालक म्हणाले, "जेलीफिशची पिल्लं हवी तेव्हा इथेच तयार करता आली, तर ही टाकी त्यांना. नाहीतर पोवळ्यांना."

धाकटीकडे काचेच्या पट्टीवर चिकटलेले पॉलिप होते. जेलीफिशचं बालपण असंच जातं, तांदळाच्या कणीएवढं, एका जागी रुतलेलं, अगदी पोवळ्याच्या चुलत भावंडासारखं. वेळ आली की पॉलिपच्या चकत्या पडतात आणि एकेक चकती सुटून पोहायला लागते. तिच्याकडे तीन वर्षांत ती वेळ आली नव्हती. का, ते मला ठाऊक नव्हतं. तिची पुस्तकं मी रागाने कधी उघडलीही नव्हती.

मग तिच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. तीन आठवड्यांसाठी जाताना ती मला म्हणाली, "जाऊबाई, पाणी सव्वीस अंशांवरच ठेवा हं. रोज वहीत लिहा. दुसऱ्या कुणावर सोडून जायला माझं मन घेत नाही."

चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मी पाणी गार करायच्या यंत्राचा आकडा पंधरावर आणला. तेवढ्या गारठ्यात माझी पोवळी आठवड्यात मेली असती. हेही मरतील, असं मी धरून चालले. वहीत रोज नीट अक्षरात सव्वीस लिहिलं.

दोन आठवड्यांनी भिंगातून पाहिलं तर पॉलिप लांबुळके झालेले, अंगावर वळ्या पडलेल्या. गेले एकदाचे, म्हणून मी आकडा गुपचूप सव्वीसवर नेला. धाकटी परत आली त्या सकाळी पाण्यात मोहरीएवढी, आठ पाकळ्यांची शेकडो पिल्लं उघडझाप करत फिरत होती. माझं तोंड कडू झालं. तिने मला मिठी मारली.

संचालक धावत आले. "पुन्हा जमेल?"

धाकटीने वही उघडली. पानावर पान उलटलं.

"नाही सांगता येत. मी थंड पाणी देऊन बघणार होते, पण एवढंच बी होतं, धीर होत नव्हता. आता कळलं, थंडीचा काही संबंध नाही. पाणी सव्वीसच होतं."

"नोंद चुकली असेल," संचालक म्हणाले.

"जाऊबाईंची? शक्य नाही."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा हा एक शब्द बोलायचा होता. मी म्हणाले, "सव्वीसच."

पिल्लं दोन महिने जगली, पुढची तयार झाली नाहीत. मोठी टाकी पोवळ्यांना मिळाली. लोक आत येतात, तिच्यासमोर जरा थांबतात आणि मला विचारतात, जेलीफिश कुठे आहेत?

धाकटी अजून त्या पट्टीपाशी बसते. खाणं बदलून बघते, उजेड बदलते, पाण्याचं मीठ बदलते. पाणी मात्र ती गार करत नाही. थंडीशिवायच पिल्लं होतात, हे जाऊबाईंनी करून दाखवलंय, असं नव्या लोकांना सांगते.